नमुन्यापासून अहवालापर्यंत : वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र शिकू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वैद्यकीय प्रयोगशाळेतील काम म्हणजे यंत्रात नळी ठेवायची आणि छापून आलेला आकडा पुढे पाठवायचा, असा समज घेऊन पुष्कळ विद्यार्थी या अभ्यासक्रमाकडे वळतात, आणि आजच्या स्वयंचलित लॅबकडे बाहेरून पाहिले तर त्यांना दोष देता येत नाही. यंत्र तासाला शेकडो चाचण्या करते हे खरे. परंतु समोर आलेली नळी त्याच रुग्णाची आहे का, रक्त घेतल्यानंतर ती किती वेळ तशीच पडून होती, आणि आलेला आकडा जिवंत माणसाच्या शरीरात संभवतो तरी का, यांपैकी फार थोडे यंत्राला कळते. ते ज्याला कळते त्याला तंत्रज्ञ म्हणायचे. या लेखात टप्पे लावताना म्हणूनच यंत्राआधी नमुन्याला जागा दिली आहे, आणि प्रशिक्षणाच्या सुरुवातीपासूनच ‘या निकालावर विश्वास का ठेवावा’ असे स्वतःला विचारण्याची सवय कशी लावून घ्यावी, यावर भर दिला आहे.

पहिला टप्पा : हे काम आपल्याला मानवेल का

प्रवेश घेण्यापूर्वी शक्य झाल्यास एखाद्या लॅबमध्ये परवानगी घेऊन काही तास नुसते बसून पाहावे. कामाचा बराच भाग पुनरावृत्तीचा असतो, पाळ्या असतात, रात्रपाळीही असते, आणि तीनशेवी नळी पहिल्या नळीइतक्याच लक्षाने हाताळावी लागते. रुग्णाशी थेट संबंध रक्त घेण्यापुरता येतो; त्यापुढे रुग्ण म्हणजे एक क्रमांक आणि एक नळी, आणि तरीही त्या नळीमागे माणूस आहे याचे भान सुटू द्यायचे नसते. रंगांधळेपणाची तपासणी मात्र आधीच करून घ्यावी. जिवाणूंवर चढलेला जांभळा आणि गुलाबी रंग, रक्तपेशींमधील कणांच्या छटा, पट्टीवरील रंगबदल हे सारे डोळ्यांनीच वाचायचे असते. रंगदृष्टीत दोष असला म्हणजे दार बंद होते असे नाही, पण कोणत्या विभागात अडचण येईल हे वेळेवर कळलेले बरे. हात थरथरतो या कारणाने मात्र कुणी मागे फिरू नये. तो सरावाने स्थिर होतो.

दुसरा टप्पा : अभ्यासक्रमाची निवड

शिक्षणाच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पदविका घेतलेला तंत्रज्ञ नित्याच्या चाचण्या करतो, पदवीधराकडून निकालांचा अर्थ लावणे, गुणवत्ता सांभाळणे आणि इतरांवर देखरेख करणे अपेक्षित असते, तर पदव्युत्तर शिक्षण एखाद्या उपशाखेतील विशेष कामाकडे, अध्यापनाकडे किंवा संशोधनाकडे नेते. शालेय शिक्षणात जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र असणे बहुतेक ठिकाणी गरजेचे असते. व्यवसायाचे नियमन देशोदेशी निराळे आहे : ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे कायद्याने संरक्षित पदनाम असून तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय ते लावता येत नाही, अमेरिकेत काही राज्ये परवाना मागतात, तर इतरत्र व्यावसायिक संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा पाहिली जाते, भारतात २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला. ज्या ठिकाणी नोकरी करायची आहे, तेथील नियामक संस्था आपल्या अभ्यासक्रमाला मान्यता देते का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी स्वरूपात पाहून घ्यावे, कारण नंतर ही उणीव भरून काढणे फार अवघड जाते.

मान्यतेनंतर संस्थेची पारख करावी, आणि ती माहितीपत्रकातील चित्रांवरून करू नये. संस्थेला जोडलेले चालते रुग्णालय आहे का, विद्यार्थ्यांना रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि ऊतिविकृतिशास्त्र (ऊतींचे काप तपासणारी शाखा) या विभागांत खरोखर काम मिळते का, एका सूक्ष्मदर्शकामागे किती विद्यार्थी असतात, आणि इंटर्नशिपच्या काळात त्यांना केवळ नमुने गोळा करायला फिरवले जाते का, हे प्रश्न शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना विचारावेत. काचेमागे झाकून ठेवलेले महागडे यंत्र दाखवणाऱ्या संस्थेपेक्षा वीस जुने पण स्वच्छ सूक्ष्मदर्शक रोज वापरू देणारी संस्था केव्हाही चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र नोकरीत शिकवतात. डोळा शिकवायला तेथे कुणाला सवड नसते.

तिसरा टप्पा : पहिल्या वर्षाचा पाया

शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, रोगप्रतिकारशास्त्र हे विषय सगळीकडे असतातच. त्यांच्याबरोबर लॅबचे साधे गणितही पक्के करावे, कारण विद्यार्थी अडखळतात ते बहुधा तेथेच. दहापट विरलन म्हणजे एक भाग नमुना आणि नऊ भाग द्रावक. एका भागात दहा भाग द्रावक घातला तर ते अकरापट होते आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. प्रकाशशोषणावर चालणाऱ्या चाचण्यांमागे बिअर-लँबर्टचा नियम (पदार्थ जितका जास्त तितका प्रकाश जास्त शोषला जातो) असतो, आणि तो एका ठराविक मर्यादेपर्यंतच सरळ रेषेत चालतो. त्या मर्यादेपलीकडचा निकाल आला की नमुना विरल करून चाचणी पुन्हा करायची आणि आलेल्या आकड्याला विरलनाच्या पटीने गुणायचे, हे ज्याला उमगले त्याला यंत्रावर उमटणाऱ्या निम्म्या सूचना आपोआप समजतात.

चौथा टप्पा : स्वतःचे रक्षण

कोणताही नमुना संसर्गजन्य आहे असेच धरून चालायचे, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. तिच्या तीन मात्रा साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी देतात, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक आहे ना, हे तपासून घ्यावे. लस घेतली म्हणजे संरक्षण मिळालेच असे नसते. काही जणांच्या शरीरात पुरेसा प्रतिसाद उमटत नाही, आणि ते फक्त तपासणीतूनच समजते. लसीचे संरक्षण नसलेल्या व्यक्तीला या विषाणूचा संसर्ग सुईच्या टोचण्यातून होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के मानली जाते.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. टोकदार कचऱ्याचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा. पिपेट तोंडाने ओढणे आता सर्वत्र वर्ज्य आहे. कुणी जुना माणूस ‘आम्ही तर असेच करायचो’ म्हणाला तरी ते ऐकू नये. सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) नळी फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून झाकण अर्धा तास उघडू नये, कारण हवेत उडालेले सूक्ष्म थेंब खाली बसायला तेवढा वेळ लागतो. सुई टोचलीच तर जखम न पिळता साबण आणि पाण्याने धुवावी आणि ताबडतोब वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे जितकी लवकर घ्यावीत तितकी उपयोगी पडतात, आणि ७२ तास उलटून गेल्यावर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. लाजेपोटी किंवा रागावले जाण्याच्या भीतीने अपघात लपवणारे विद्यार्थी नेमका हाच वेळ गमावतात.

पाचवा टप्पा : रक्त घेणे

लॅबमध्ये चुका होतात त्यांतील बहुसंख्य चुका चाचणीच्या आधी, म्हणजे नमुना घेणे, त्यावर चिठ्ठी लावणे, तो पोचवणे या दरम्यान होतात. त्यामुळे रक्त घेण्याचे कौशल्य हे शिरेत सुई जाण्यापुरते आहे असे समजू नये.

सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारले की झोपेत असलेला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून ‘तुमचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा’ असे विचारून उत्तर कागदाशी ताडून पाहावे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. मग रुग्ण उपाशी आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, पूर्वी रक्त देताना चक्कर आली होती का, हे विचारावे. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. ते घेतले तर ग्लुकोज आणि क्षार यांचे आकडे रुग्णाचे न राहता बाटलीतील द्रवाचे होतात.

टूर्निके (दंडावर आवळायची पट्टी) बांधल्यावर एका मिनिटाच्या आत काम व्हावे. ती जास्त वेळ राहिली तर शिरेतील पाणी बाहेर झिरपते आणि प्रथिने, पेशी यांचे प्रमाण खोटे वाढते. रुग्णाला मूठ पुन्हापुन्हा उघडझाप करायला सांगण्याची सवयही सोडावी, कारण स्नायूंच्या त्या हालचालीने पोटॅशियम वाढलेले दिसते. कोपराच्या खोबणीतील मधली शीर सर्वांत सोयीची असते. आतल्या बाजूच्या शिरेजवळून धमनी आणि मज्जातंतू जात असल्याने ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवावी. अल्कोहोलने पुसल्यावर त्वचा वाळू द्यावी : ओल्या जागी टोचले तर रुग्णाला झोंबतेच, शिवाय लाल पेशीही फुटू शकतात.

नळ्या भरण्याचा क्रम पाठ करण्यापेक्षा तो तसा का आहे हे समजून घेतले की विसरत नाही. रक्त कल्चरच्या (रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या) बाटल्या निर्जंतुक राहायला हव्यात म्हणून त्या सर्वांत आधी भरतात. त्यानंतर फिकट निळ्या टोपणाची सायट्रेटची, मग सीरमसाठीची (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवासाठीची) लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिनची, मग जांभळी ईडीटीएची आणि शेवटी करडी फ्लोराइडची. जांभळ्या नळीतील ईडीटीए हा पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. त्याचा अंश सीरमच्या नळीत शिरला तर पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले दिसते. असा जोडनिकाल समोर आला तर रुग्णाची चिंता करण्याआधी नळ्यांचा क्रम आठवावा.

नळी भरल्यावर ती जोराने हलवायची नाही, हळुवार उलटसुलट करायची : सायट्रेटची तीन-चार वेळा, ईडीटीएची आठ-दहा वेळा. सायट्रेटच्या नळीत रक्त आणि द्रव यांचे प्रमाण ९ ला १ असते. ती अर्धवट भरली तर रक्त गोठण्याचा वेळ वाढलेला दिसतो आणि रुग्णाच्या औषधाची मात्रा विनाकारण बदलली जाऊ शकते. चिठ्ठी रुग्णासमोरच लावावी. आधी चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या खिशात घेऊन फिरणे ही दिसायला चटपटीत, पण धोक्याची पद्धत आहे.

सहावा टप्पा : नमुना नाकारायला शिकणे

सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीकडे प्रथम उजेडात धरून पाहावे. सीरम लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत, आणि त्यांच्यातील पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही विकरे बाहेर आले आहेत. दुधासारखे असेल तर चरबीमुळे प्रकाशशोषणाच्या चाचण्या बिघडणार. गडद पिवळे असेल तर बिलिरुबिन वाढले असण्याची शक्यता आहे आणि तेही काही चाचण्यांत व्यत्यय आणते. ईडीटीएच्या नळीत काडी फिरवून गुठळी पाहावी; बारीकशी गुठळीसुद्धा प्लेटलेटचा आकडा पाडते.

वेळही नमुना बिघडवते. सीरम वेगळे न करता रक्त तसेच राहू दिले तर पेशी ग्लुकोज खात राहतात, आणि खोलीच्या तापमानाला ते तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होते. करड्या नळीतील फ्लोराइड हे थांबवण्यासाठीच असते, पण त्याचाही परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो. लघवीची तपासणी दोन तासांत व्हावी, नाहीतर पेशी विरघळतात आणि जिवाणू वाढतात. मेंदूभोवतीचे पाणी कल्चरसाठी आले असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवू नये. मेनिंजायटिसचे काही जिवाणू थंडीत मरतात आणि कल्चर खोटे निरंक येते.

नाकारताना तारतम्य लागते. हाताच्या शिरेतून घेतलेले रक्त पुन्हा मागवता येते. नवजात बाळाचे दोन थेंब किंवा पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी फेकून ‘पुन्हा पाठवा’ म्हणणे हा आडमुठेपणा होईल. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावे, शक्य त्या चाचण्या कराव्यात आणि नमुन्यातील दोष अहवालात स्पष्ट लिहावा. नवख्या तंत्रज्ञाला वॉर्डातून फोनवर चढ्या आवाजात ‘तुम्ही फक्त चाचणी करा’ असे ऐकावे लागते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. त्या वेळी शांतपणे कारण सांगता येण्यासाठीच वरचे सारे समजून घ्यायचे आहे.

सातवा टप्पा : पिपेट आणि सूक्ष्मदर्शक

पिपेट सरळ उभी धरावी, टीप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवावी, अंगठा हळू सोडावा. सीरमसारख्या दाट द्रवासाठी उलट पद्धत वापरतात, म्हणजे दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून जास्त द्रव ओढायचा आणि पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचा. आपला हात किती अचूक आहे हे पाहण्यासाठी तराजूवर पाणी टाकून वजन करावे : १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे १०० मिलिग्रॅम भरायला हवे. दहा वेळा टाकून आकड्यांतील फरक पाहिला की आत्मविश्वास किती खरा होता ते उमगते.

सूक्ष्मदर्शकाबाबत एकच आग्रह आहे : प्रकाश जुळवायला शिकावे. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये मांडलेली प्रकाशयोजनेची पद्धत आजही तशीच वापरली जाते, आणि ती न जुळवता पाहिलेली स्लाइड धूसर दिसते. लघवीतील पारदर्शक पेशी पाहताना कंडेन्सर खाली घेऊन प्रकाश कमी करावा. रंगवलेल्या स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून शंभरपटीच्या भिंगाने पाहताना तो वर घेऊन भरपूर प्रकाश द्यावा. तेल लागलेले भिंग काम संपल्यावर भिंगाच्या कागदाने पुसावे, आणि चाळीसपटीच्या भिंगाला तेल लागू देऊ नये. सामाईक सूक्ष्मदर्शकावर या शेवटच्या सूचनेचे पालन झालेले क्वचितच दिसते.

आठवा टप्पा : विभागांची फेरी

हिमॅटॉलॉजीला, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीला, सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण डोळा तयार होतो तो येथेच. स्लाइडच्या टोकाला छोटा थेंब ठेवून दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांच्या कोनात एकाच सलग हालचालीत पुढे न्यायची, म्हणजे जिभेच्या आकाराचा, टोकाला पिसासारखा विरळ होत गेलेला थर मिळतो. रंग देताना बफर द्रावणाचा सामू (पीएच) ६.८ असावा, आम्लता वाढली तर सारे गुलाबी आणि कमी झाली तर सारे निळसर दिसते. मलेरियाच्या परोपजीवीसाठी मात्र ७.२ चा सामू वापरतात, कारण लाल पेशींतील विशिष्ट ठिपके त्यावर उठून दिसतात.

पेशी मोजणाऱ्या यंत्राचा (काउंटरचा) आकडा आणि स्लाइड यांची सांगड घालायची सवय लावावी. सर्वसाधारण लाल पेशींच्या रक्तात हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे जवळपास हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे टक्केवारीतील प्रमाण), हा जुना तीनचा नियम अजूनही उपयोगी आहे. तो मोडला, तर एक तर पेशींचा आकार किंवा रंग खरोखर बदललेला आहे, नाहीतर नमुन्यात काही बिघाड आहे. एमसीएचसी (लाल पेशींतील हिमोग्लोबिनची सरासरी दाटी) अशक्य वाटावी इतकी वाढली असेल आणि लाल पेशींची संख्या एकदम कमी दिसत असेल, तर थंडीत पेशी एकमेकींना चिकटवणारी प्रतिपिंडे असू शकतात. नळी ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवली की आकडे जागेवर येतात. प्लेटलेट वीस हजार आल्या पण रुग्णाला कुठे रक्तस्राव नाही, अशा वेळी स्लाइडच्या टोकाला प्लेटलेटचे पुंजके शोधावेत. काही व्यक्तींच्या रक्तात ते केवळ ईडीटीएमुळे तयार होतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून, द्रवामुळे झालेल्या विरलनासाठी आकड्याला १.१ ने गुणले की खरी संख्या मिळते. हे न पाहिल्यामुळे निरोगी माणसाच्या मागे अनावश्यक उपचार लागू शकतात.

न्यूबॉरच्या काचेवर (पेशी मोजण्यासाठी चौरस आखलेल्या काचेवर) हाताने मोजणीही शिकून घ्यावी, यंत्र असले तरी. पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीसपट विरल करून चार कोपऱ्यांतील चौरस मोजतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर असल्याने एकूण संख्येला ५० ने गुणायचे असते. ही ५० कुठून आली ते कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बायोकेमिस्ट्रीत यंत्रे सर्वांत जास्त असतात, आणि आळसही येथेच शिरतो. एकाच रुग्णाचे निकाल एकत्र वाचावेत. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर ऋण संख्या आली तर बहुधा तिघांपैकी एक मोजणी चुकलेली आहे. कालच्या निकालाशी आजचा ताडून पाहावा. क्रिएटिनिन एका रात्रीत निम्मे झाले असेल तर एकतर डायलिसिस झाले आहे किंवा नळ्यांची अदलाबदल. संप्रेरके आणि ट्यूमर मार्कर यांच्या चाचण्यांत तपासायचा पदार्थ अतोनात वाढलेला असला तर निकाल उलट कमी दाखवला जाऊ शकतो. शंका आल्यास विरल करून पुन्हा करावी.

सूक्ष्मजीवशास्त्र संयम शिकवते. हान्स ख्रिश्चन ग्राम यांची १८८४ ची रंगपद्धत चार पायऱ्यांची आहे, आणि सगळे कसब अल्कोहोलने रंग उतरवण्याच्या काही सेकंदांत आहे : जास्त धुतले तर जांभळे जिवाणूही गुलाबी होतात, कमी धुतले तर उलट. म्हणून दरवेळी ज्ञात जिवाणूंची कंट्रोल स्लाइड सोबत रंगवावी. प्रतिजैविकांच्या चाचणीत जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅक्फर्लंड या प्रमाणित गढूळपणाशी जुळवलेले असावे आणि आगारचा (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमाचा) थर चार मिलिमीटर असावा. थर जाड झाला की औषध खोलवर पसरते, औषधाच्या चकतीभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ लहान येते आणि चालणारे औषध निकामी ठरते. क्षयाच्या जिवाणूंचे कल्चर निरंक म्हणायला सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, आणि त्यात घाई चालत नाही.

रक्तपेढीत चुकीला क्षमा नसते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडले तेव्हापासून तत्त्व तेच आहे : पेशींवर कोणते प्रतिजन आहेत ते एका बाजूने आणि सीरममध्ये कोणती प्रतिपिंडे आहेत ते दुसऱ्या बाजूने पाहायचे, आणि दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत गट जाहीर करायचा नाही. लाल पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या, १९४५ मध्ये आलेल्या कूम्ब्स चाचणीत पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेली प्रथिने अभिकर्मक (चाचणीचे रसायन) निष्प्रभ करतात आणि निकाल खोटा निरंक येतो. म्हणूनच प्रत्येक निरंक नळीत शेवटी प्रतिपिंड चढवलेल्या पेशी घालून अभिकर्मक अजून काम करतो आहे ना, हे पाहतात. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळणाऱ्याच्या हाताखाली शिकू नये.

ऊतिविकृतिशास्त्रात ऊतीच्या दहा ते वीसपट फॉर्मेलिन, तीन ते पाच मायक्रॉनचे काप आणि प्रत्येक डब्यावरचा क्रमांक, एवढे सुरुवातीला सांभाळले तरी पुरे. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरच्या विभागात कामाची दिशा एकमार्गी असते. ज्या खोलीत वाढवलेला डीएनए हाताळला जातो तेथून तोच कोट घालून अभिकर्मकांच्या खोलीत परतायचे नाही.

नववा टप्पा : गुणवत्ता नियंत्रण

रुग्णांचे नमुने लावण्यापूर्वी ज्ञात मूल्याचा कंट्रोल चालवतात आणि त्याचा निकाल आलेखावर मांडतात. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही आलेखाची पद्धत प्रयोगशाळांत आणली, आणि वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये तो आलेख वाचण्याचे नियम दिले. सरासरीच्या दोन प्रमाण विचलनांच्या (निकाल सरासरीभोवती किती विखुरतात याच्या मापाच्या) आत साधारण ९५ टक्के निकाल पडतात. म्हणजे सर्व काही ठीक असतानाही वीसातील एखादा बाहेर जाणारच, आणि तो इशारा समजायचा. तीन विचलनांच्या बाहेर एक निकाल गेला, किंवा लागोपाठ दोन निकाल एकाच बाजूला दोन विचलनांच्या बाहेर गेले, तर रुग्णांचे निकाल रोखून कारण शोधायचे. लागोपाठ दहा निकाल सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही यंत्र हळूहळू सरकते आहे : अभिकर्मक जुना झाला असेल, दिवा मंद झाला असेल, कॅलिब्रेशनची (ज्ञात मूल्यांशी यंत्र पुन्हा जुळवण्याची) वेळ आली असेल.

कंट्रोल बाहेर गेला की तोच पुन्हापुन्हा चालवून एकदाचा आत आला म्हणजे पुढे जायचे, ही अनेक लॅबमधील वाईट खोड आहे, आणि ती विद्यार्थीदशेतच लागते. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आणि सध्याची २०२२ मध्ये निघाली. ते मानक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे. कामाच्या नोंदी इतक्या का लिहायच्या, हे त्यातून उलगडते.

दहावा टप्पा : अहवाल

जिवाला धोका दाखवणारे निकाल, उदाहरणार्थ अतिशय कमी ग्लुकोज किंवा अतिशय वाढलेले पोटॅशियम, छपाईची वाट न पाहता फोनवर कळवायचे असतात. ऐकणाऱ्याला रुग्णाचे नाव आणि आकडा परत म्हणून दाखवायला सांगावे आणि वेळ, त्याचे नाव, आपली सही नोंदवहीत घ्यावी. चुकीचा अहवाल गेलाच तर तो पुसून टाकू नये. जुना निकाल दिसेल असा सुधारित अहवाल काढावा आणि डॉक्टरांना स्वतः कळवावे. निदान सांगणे हे तंत्रज्ञाचे काम नाही, त्यामुळे रुग्णाने कितीही आग्रह धरला तरी ‘डॉक्टर समजावून सांगतील’ एवढेच सांगावे. ओळखीच्या माणसाचा अहवाल कुतूहलापोटी उघडून पाहणे हाही गोपनीयतेचा भंगच आहे.

अकरावा टप्पा : इंटर्नशिप, परीक्षा आणि पहिली नोकरी

इंटर्नशिपमध्ये नोंदवही रोज लिहावी, आणि तीत केलेल्या चाचण्यांच्या संख्येबरोबर अडलेले निकालही लिहावेत : कोणता आकडा संशयास्पद वाटला, काय तपासले, शेवटी कारण काय निघाले. मुलाखतीत ‘तुम्ही किती चाचण्या केल्या’ यापेक्षा अशा एका प्रसंगाचे नीट वर्णन जास्त वजनदार ठरते. नोंदणी किंवा प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीसाठी पाठांतरापेक्षा प्रसंगांचे प्रश्न सोडवावेत, कारण प्रश्नपत्रिका बहुधा विसंगत निकाल देऊन त्यामागचे कारण विचारतात.

पहिली नोकरी शक्यतो मध्यम आकाराच्या, सर्व विभाग असलेल्या लॅबमध्ये घ्यावी. फार मोठ्या केंद्रात एकाच यंत्रापुढे वर्ष निघून जाते. फार छोट्या जागी शिकवणारा कुणी नसतो. उमेदवाराने मुलाखतीत स्वतःही विचारावे : कंट्रोल दिवसातून किती वेळा चालवतात, बाह्य गुणवत्ता योजनेत लॅब सहभागी आहे का, रात्रपाळीत नवख्याबरोबर कुणी अनुभवी असते का, आणि नमुना नाकारण्याचा अधिकार तंत्रज्ञाला आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती चाचरली, तर पगार चांगला असला तरी दुसरीकडे अर्ज करावा.